मला कावीळ कधीच झाली नव्हती

गाडी यायची घोषणा झाली तसा अण्णांनी माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला. शर्टाच्या खिशातून बारकासा स्क्रूड्रायव्हर काढला आणि चाळीसगाव स्टेशनाच्या फलाटावर उभ्या उभ्या दोन्ही दांड्या आवळून दिल्या. "तिकडे घाम फार. सैल होतात," एवढंच बोलले. आमचं स्टेशन रोडला चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे अण्णांची माया ही अशीच, दांड्या आवळून देण्याची. चष्मा त्यांच्या हातात असल्यामुळे मला येणारी गाडी नुसती एक निळी हलती रेघ दिसली. आईने डब्यांची पिशवी माझ्या खांद्याला अडकवली, पदराने माझं कपाळ पुसलं आणि म्हणाली, "नीट राहा. वेळेवर जेव. आणि कुणाला काही सांगत बसू नको."

काय सांगायचं नाही ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. आमच्याकडे हे वाक्य सगळ्याला चालायचं. पगार किती, कुणाचं कुणाशी बिनसलं, डॉक्टरकडे कशाला गेलो होतो, काहीही असो, ते घराच्या उंबऱ्याच्या आत ठेवायचं. मी तेव्हा मान डोलावली. पुढे याच वाक्याचा मला इतका वीट आला की आजही फोनवर कुणी "हे आपल्यातच ठेव हं" म्हणालं की मी फोन ठेवून देते.

हे मी तिकडे गावातच राहिलेल्यांसाठी लिहितेय आणि माझ्यासारखे जे बॅगा भरून चेन्नईला, बंगळुरूला, आणखी कुठे कुठे गेले त्यांच्यासाठीही. चाळीसगावात माझ्याबद्दल जे सांगितलं गेलं ते तुम्ही ऐकलंच असेल. आता जे झालं ते ऐका.

नोकरी चेन्नईतल्या शोळिंगनल्लूरला, सॉफ्टवेअर टेस्टिंगची. काचेच्या इमारती, आत स्वेटर घालावा इतका एसी आणि बाहेर पाऊल टाकलं की ओल्या पंच्यासारखी अंगाला चिकटणारी हवा. पहिली दोन-तीन वर्षं मी तिथे खरंच आनंदात होते. ऑफिसजवळच्या एका लेडीज पीजीत राहायचे, इडलीबरोबरच्या पोडीवर, म्हणजे कोरड्या चटणीवर, खान्देशी माणसाने घ्यावं तेवढं तेल घ्यायचे, 'पोदुम' म्हणजे पुरे आणि 'परवाइल्ल' म्हणजे असू दे, एवढ्या तमिळवर दिवस निघायचे. सेल्वी नावाची माझ्याच टीममधली मुलगी माझी मैत्रीण झाली. ती माझ्या तमिळला हसायची आणि मी तिच्या हिंदीला.

मग काय झालं हे मला नीट सांगता येत नाही. कुणी मेलं नाही, कुणी सोडून गेलं नाही. प्रोजेक्टची ओढाताण होती, पण ती सगळ्यांनाच होती. हळूहळू माझी झोप गेली, भूक गेली, आणि मग आंघोळ गेली. ही शेवटची गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी मुद्दाम सांगते. निराशा म्हटलं की लोकांना खिडकीपाशी बसलेली, डोळ्यांत पाणी असलेली मुलगी दिसते. माझ्या खोलीत फुटलेली दुधाची पिशवी होती आणि तिचं पाणी टेबलावरून गादीपर्यंत ओघळून वाळलं होतं. केसांचा मागे एक गठ्ठा झाला होता, त्यातून कंगवा जात नव्हता. उशीला माझ्याच डोक्याचा आंबूस वास यायचा. मला त्या वासाची किळस यायची आणि तरी उठून उशीचा अभ्रा बदलणं जमायचं नाही. रोज झोपताना वाटायचं, उद्या जाग आली नाही तर बरं.

ऑफिसला मी "ताप आहे" कळवत राहिले. शेवटी सेल्वी पीजीवर आली. दार उघडताच तिने नाकाला ओढणी लावली. मग तीच ओढणी कमरेला खोचून तिने बादली भरली, मला न्हाऊ घातलं आणि केसांचा गठ्ठा सुटेना म्हणून कात्रीने कापून टाकला. "वा, पोलाम," म्हणाली. चल, जाऊ या. अडयारच्या एका डॉक्टरीणबाईंकडे तिने मला रिक्षातून नेलं. बाईंनी बराच वेळ ऐकून घेतलं आणि सांगितलं, हे डिप्रेशन आहे, गोळ्या लागतील, वेळ लागेल, पण उतार पडतो. मला आठवतं, त्या क्षणी मला पहिल्यांदा जरा बरं वाटलं होतं. माझ्या घाणीला काहीतरी नाव होतं.

सेल्वीने घरी फोन करून कळवलं, आणि ते नाव पुसून टाकायला आई दोन दिवसांत हजर झाली.

तिच्यावर अन्याय नको करायला. ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी एवढ्या लांब आली होती, रस्ताभर रडत आली होती आणि खोलीत शिरताच तिने गादी उन्हात टाकली. पीजी चालवणाऱ्या बाईंनी माझ्या देखतच तिला सांगितलं, की इतर मुली घाबरतात, हिला घेऊन जा. आईने माझी बॅग काढली. सामान भरताना ती म्हणाली, "मी घरी सगळ्यांना कावीळ सांगितलीय. तूही तेच सांग. पल्लवीचं बघायला सुरुवात केलीय आपण." पल्लवी माझी धाकटी बहीण.

"कावीळच का?" मी विचारलं.

"कावीळ कुणालाही होते," आई म्हणाली.

चाळीसगावला पोचले आणि माझ्या काविळीचा संसार सुरू झाला. लोक बघायला यायचे. माझ्या डोळ्यांच्या खालच्या पापण्या ओढून पाहायचे आणि म्हणायचे, "हो गं, पिवळटच आहेत अजून." आई मान डोलवायची. माझ्या गोळ्या तिने व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून देवघराच्या मागच्या फळीवर ठेवल्या होत्या. जेवायला मऊ भात, वरणाचं पाणी, उकडलेला दुधी. शेजारी शेवभाजीचा तिखट वास दरवळत असायचा आणि माझ्या ताटात ते पांढरंफटक काहीतरी. सकाळ-संध्याकाळ उसाचा रस. त्या गोळ्यांनी आधीच तोंडाला कोरड पडायची, त्यावर तो गोड चिकट रस. आजतागायत उसाच्या गाडीवरच्या घुंगरांचा आवाज आला की मी रस्ता बदलते.

एक दिवस सुमनकाकू, म्हणजे अण्णांच्या चुलतभावाची बायको, रिक्षा घेऊनच दारात आली. जवळच्या एका खेड्यात काविळीचं औषध देणारा माणूस आहे, हातखंडा आहे, चल म्हणाली. आईने कितीतरी कारणं काढली. पण खोटं एकदा अंगणात आणून बांधलं की येणारा-जाणारा त्याला चारा घालतोच. शेवटी आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "जाऊन ये. एवढं प्रेमाने म्हणतेय ती."

त्या माणसाने कसलातरी हिरवा पाला वाटून दह्यात कालवून दिला. शेणाच्या गोठ्याला येतो तसा त्याचा वास होता. काकू माझी पाठ थोपटत "घे, एका दमात घे" म्हणत होती. मी घेतला. मग त्याने ओल्या काड्यांची एक माळ माझ्या डोक्यावर टोपीसारखी ठेवली. कावीळ उतरेल तशी ही माळ लांब होत होत गळ्यात येते, म्हणाला. परतताना मला रस्त्याच्या कडेला हिरवी उलटी झाली. काकू आनंदून म्हणाली, "बघ, निघाली!"

माळ खरंच लांब झाली. ओल्या काड्या वाळल्या की गाठी सैल होतात, माळ उतरते, त्यात काही विशेष नाही. पण ती गळ्यात आली तेव्हा सगळं घर सुखावलं. आईसुद्धा. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, आणि माझ्या लक्षात आलं की तिलाही आता कावीळच होती असं वाटायला लागलंय. मला नव्हता झालेला आजार बरा झाला होता आणि जो झाला होता तो देवघराच्या मागे बाटलीत होता. असली शिसारी मला त्या पाल्याचीही आली नव्हती.

मी अण्णांना सांगितलं, मला चेन्नईला परत जायचंय.  त्यांनी तिकीट काढून आणलं.

डॉक्टरीणबाईंनी औषध थोडं बदललं. सेल्वीच्या ओळखीने मैलापूरला एका घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने मिळण्यासारख्या होत्या. ऑफिस लांब पडणार होतं, पण कंपनीची बस होती. घरमालकीण कमलाक्का, सत्तरीपुढच्या, तंजावरकडच्या जुन्या मराठी घराण्यातल्या. त्यांचं मराठी मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला अर्धं कळलं नाही. शब्द जुन्या कीर्तनातले आणि हेल तमिळ.

पीजीतून काढल्याचं माझ्या डोक्यात ताजं होतं. पुन्हा सामान हलवायची ताकद नव्हती. म्हणून आत पाऊल टाकण्याआधीच, चपला पायात असताना, मी सांगून टाकलं. "मला डिप्रेशन आहे. गोळ्या चालू आहेत. चालत नसेल तर आत्ताच सांगा."

सेल्वी आणि डॉक्टरीणबाई सोडल्या तर घराबाहेरच्या माणसाला मी हे पहिल्यांदाच सांगत होते. 

कमलाक्कांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "गोळ्या जेवायच्या अगोदर की नंतर?"

"नंतर."

"मग वेळेस जेवायला हवें," त्या म्हणाल्या आणि किल्ली दिली.

त्या काही देवता नव्हत्या. माझ्या लसणाच्या फोडणीवरून आमचं रोज वाजायचं. शिवाय गुप्तता हा प्रकार त्यांना ठाऊकच नव्हता. आठवड्याच्या आत फुलवालीला, इस्त्रीवाल्याला, कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्यांना माझ्या गोळ्यांची खबर होती. फुलवाली मला बघितलं की तमिळमधून मोठ्याने विचारायची, गोळी घेतलीस का? पहिल्यांदा मी लाजेने लाल झाले. मग लक्षात आलं की ती हाच प्रश्न समोरच्या आजोबांना त्यांच्या साखरेबद्दल त्याच आवाजात विचारते.

एकदा डोसे खाताना मी कमलाक्कांना विचारलं, तुम्हाला माझी भीती कशी वाटली नाही? त्यांनी डोसा उलटला, मग बोलल्या. "माझा थोरला भाऊ असाच होता. त्यास माडीवर ठेवत होतों. विचारतील त्यांस अस्क्यांस दिल्लीस नोकरी आहे म्हणून सांगत होतों." अस्क्यांस म्हणजे सगळ्यांना. "आलेले लोक खालीं बसून काफी पीत. वर त्याचे पाय वाजत. कोणीही वर बघत नव्हतें. त्यांस अस्कें ठाऊक होतें." त्यांनी पुढचं पीठ तव्यावर ओतलं. "मेला तेव्हां दिल्लीहून आणलें म्हणून सांगितलें."

मी खायची थांबले. त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं. "जेव. नंतर गोळी."

माझी तब्येत सुधारत गेली. मधे घसरली, पुन्हा सुधारली. ऑफिसात मी आता लपवत नव्हते, आणि तिथे एक नवाच प्रकार सुरू झाला. मानसिक आरोग्याचा आठवडा साजरा करायचा ठरला. पिवळे टीशर्ट, पिवळे फुगे. माझ्याकडे एक गोड मुलगी आली, स्टेजवर दोन मिनिटं बोलशील का, खूप इन्स्पायरिंग होईल. मी लिहून दिलं. तिने ते परत आणलं. सुट्टीवर असताना मॅनेजर रोज मेसेज करायचा, ते काढून टाकलं होतं. गोळ्यांचं काढलं होतं. न्हाऊ घालण्याचं काढलं होतं, कारण 'लोक जेवून आलेले असतील'. शेवटी हसऱ्या शब्दांत संपव म्हणाली. मी नाही म्हणाले. कार्यक्रमाला मात्र गेले. एका केकवर पिवळ्या क्रीमचा हसरा चेहरा काढला होता आणि तोच मॅनेजर त्याच्या गालात सुरी घालत होता. चाळीसगावात तोंड दाबतात आणि इथे तोंडावर क्रीम लावतात. 

त्याच वर्षी पल्लवीचं जमलं. मुलगा जळगावचा, बँकेत. साखरपुड्याची तारीख ठरवायला ती मंडळी आमच्याकडे जेवायला येणार होती, म्हणून मी गेले. भरीत, शेवभाजी, कळण्याची भाकरी, सगळं होतं. माझ्या ताटात आईने मऊ भात वाढला. काविळीला दोन वर्षं होऊन गेली होती, पण सुमनकाकू पंगतीत होती, आणि आईला तेवढंच सुचलं.

मुलाच्या आईने ते पाहिलं. "हिला का हो वेगळं?"

"कावीळ झाली होती तिला," काकू म्हणाली. "लई अशक्त झालती बिचारी."

"अजून पथ्य?" त्या बाईंनी हात थांबवला. नवऱ्याकडे पाहिलं. "म्हणजे लिव्हरचंच काहीतरी असणार. ताई, राग मानू नका, पण घराण्यात आहे का असं? पल्लवीची एकदा तपासणी करून घेतली तर आम्हालाही बरं."

आईचा चेहरा उतरला. ज्या खोट्याने पल्लवीचं लग्न वाचवायचं होतं तेच आता ते मोडायला निघालं होतं. ती "नाही हो, तसं काही..." म्हणत होती आणि पुढचं खोटं शोधत होती. मला दिसत होतं, तिला सापडत नव्हतं. पल्लवी वाढायचं भांडं हातात धरून भिंतीला टेकली होती.

"मला कावीळ कधीच झाली नव्हती," मी म्हणाले. "मला डिप्रेशन आहे. मनाचा आजार. औषध चालू आहे, नोकरी चालू आहे. पल्लवीचं लिव्हर उत्तम आहे."

सुमनकाकूचा घास हातातच राहिला. "अगं, पण माळ उतरली होती ना?" ती म्हणाली. मला हसू फुटलं, आणि ते अगदी चुकीच्या वेळी फुटलं. मनाचा आजार म्हणणारी मुलगी पंगतीत एकटीच हसतेय. मुलाच्या आईने ताटातच हात धुतला. जाताना त्या म्हणाल्या, कळवतो.

दार लागल्यावर आई माझ्याकडे वळली. "झालं तुझं समाधान?"  पल्लवीने उरलेली शेवभाजी नेऊन मोरीत ओतली.

चार दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाहीत. त्या आधीच जुळवून झाल्या होत्या. गुण किती ते त्यांनीच आम्हाला फोन करून सांगितलं होतं. त्यांनाही त्यांची एक कावीळ सापडली होती. मला त्यांचा राग आला नाही, फक्त उबग आला. इतकी माणसं, इतकी शिकलेली, आणि प्रत्येकाच्या तोंडात दुसऱ्याच आजाराचं नाव.

पल्लवी बरेच महिने माझ्याशी बोलली नाही. मी मेसेज करायचे, ती वाचायची, एवढंच. मग एका दुपारी तिचा फोन आला. दुसऱ्या एका मुलाला भेटून येत होती. "मी त्याला चहा यायच्या आधीच सांगितलं," ती म्हणाली. "माझ्या बहिणीला डिप्रेशन आहे म्हणून. त्याने चहा प्यायला आणि गेला." मग तिसरा गेला. चौथ्याने विचारलं, आता कशी आहे ती? ती त्याच्याशी लग्न करून नाशिकला राहते. मला तिने माफ केलंय का, ते मी विचारलेलं नाही. पण त्या फोननंतर ती माझ्याशी बोलते.

या वर्षी मी पुन्हा घसरले. पहिल्याइतकं नाही, पण सकाळी उठणं अवघड झालं. मी आईला फोन करून सरळ सांगितलं. ती आली, या वेळी न रडता. कमलाक्का आणि ती स्वयंपाकघरात एकमेकींचं मराठी न कळता तासन्‌तास बोलतात. एका संध्याकाळी आम्ही देवळात निघालो होतो, तर वाटेत एक मराठी बाई भेटल्या. नवरा रेल्वेत, मूळच्या सोलापूरच्या. आईला मराठी बोलणारं कुणी भेटल्याचा कोण आनंद! बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "हिला बरं नाही का? चेहरा उतरलाय."

आईने तोंड उघडलं. मी श्वास धरून उभी राहिले.

"डोक्याचा त्रास आहे तिला," आई म्हणाली.

बाई म्हणाल्या, "अर्धशिशी का?" आई "हं" म्हणाली आणि माझा हात धरून पुढे निघाली.

थोडं चालल्यावर मी म्हणाले, "निदान पोटातून डोक्यापर्यंत तरी आलीस." ती हसली नाही. रस्त्याच्या कडेला थांबली. "मला तुझी लाज नाही वाटत गं," म्हणाली. "लोकांच्या तोंडाची भीती वाटते. ती तोंडं मी आयुष्यभर बघितलीत. तू नाही." मग म्हणाली, "सकाळी रडलीस ना? मला ऐकू आलं." मी हो म्हटलं. ती म्हणाली, "मला उठवत जा."

तुम्ही मला विचारता, आता घर कुठलं? चेन्नई की चाळीसगाव? जिथे मला माझा आजार बदलून सांगावा लागत नाही ते घर, असं मी धरून चालले आहे. अजून कितीतरी दारांत तो बदलूनच सांगावा लागतो, आणि त्या दारांत मी आता जात नाही. मैलापूरच्या या दोन खोल्या घर आहेत. चाळीसगावात ते आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आलंय. आई, अण्णा, पल्लवी आणि मी तिथे सगळं बोलतो. बाहेरच्या खोलीत पाहुणे बसलेले असतात. तिथे अजून घर पोचलेलं नाही.